गणिताची इर्जिक

आमच्या खेड्यांत जड काम एकट्यानें करण्याची चाल कधींच नव्हती. पाऊस तोंडावर आला आणि एखाद्या कुणब्याचें रान नांगरायचें राहिलें, तर शेजारचे पांच-दहा नांगर एके दिवशीं त्याच्या बांधावर जमत. संध्याकाळपर्यंत रान उलथून होई आणि धनी सर्वांस पोटभर जेवूं घाली. यास इर्जिक म्हणत. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशीं सावड करी आणि दोघांचींहि रानें पेरून निघत. विहिरीचें खोदकाम, घराचें आढें चढविणें, खळ्यांतली मळणी, कोष्ट्याच्या घरची पांजणी, यांतलें कोणतें काम एकट्याच्या अंगबळावर झालें आहे? पण याच घरांतलें मूल शाळेंत गेलें व पुढ्यांत गणित आलें, कीं त्यास हुकूम होतो, ‘आपल्या पाटीकडे पाहा. शेजाऱ्यास विचारूं नको. बोलूं नको.’ नांगरट एकट्याची नाहीं, तर विचार तेवढा एकट्याचा कां, हा आमचा प्रश्न आहे. तो प्राथमिक शाळेंतील गणितापुरता आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. पहिलीपासून पांचवीपर्यंतच्या मुलांना रोज कांहीं वेळ चौघाचौघांच्या टोळ्या करून, एकमेकांस विचारून, वाद घालून व पटवून देऊन गणितें सोडवूं द्यावीं. यानें गणित समजून येतें आणि त्याची भीति जाते. शिवाय ‘हें कशावरून?’ असें दुसऱ्यास विचारण्याची व दुसऱ्यानें विचारलें तर न रागावतां उत्तर देण्याची संवय लहानपणींच लागते. ही शेवटची गोष्ट शेतकरी व कारागीर घरांस लाखमोलाची आहे. कां, तें पुढें सांगतों.

हिशेब हा आमच्या समाजाचा जुना घाव आहे. १८७५ सालच्या १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी उठले. त्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठलीं आणि कर्जरोखे व वह्या मागितल्या. हातीं आलेले कागद त्यांनीं जाळले. हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत गांवोगांव पसरलें. सरकारास चौकशी नेमावी लागली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस कर्जांत दिलासा देणारा कायदा करावा लागला. आतां विचार करा. ज्यांनीं ते कागद जाळले, त्यांतल्या बहुतेकांस ते वाचतां येत नव्हते. कागदावर अंगठा त्यांचा; पण मुद्दल किती, व्याज किती, फिटलें किती, हें त्यांना सावकाराच्याच तोंडून ऐकावें लागे. जो हिशेब तपासतां येत नाहीं, तो जाळावा असें माणसाला वाटूं लागतें. पण कागद जाळल्यानें हिशेब येत नाहीं. दुसऱ्या वर्षीं नवा कागद होतो आणि त्यावर अंगठा पुन्हां तोच.

जोतीराव फुले यांनीं हें दुखणें ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळेंत मोडी-बाळबोध लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब शिकवावा व शेतकीचें सोपें ज्ञान द्यावें, अशी मागणी केली. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनीं पुढच्याच वर्षीं लिहिला, तोहि याच दुखण्यावर.

सावकाराची वही आतां गेली, असें कोणीं समजूं नये. तिनें फक्त वेष पालटला. आज ती कर्जगटाच्या हप्त्याच्या कार्डांत आहे, मोबाईलवर पांच मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपमध्यें आहे, ऊसबिलांतल्या कपातींत आहे, कांद्याच्या पट्टींतल्या हमाली-तोलाईंत आहे आणि वजनकाट्याच्या आंकड्यांत आहे. ‘शेंकडा तीन रुपये महिना’ हे शब्द कानाला किती हलके लागतात! पण वर्षाचे ते शेंकडा छत्तीस होतात, हें घेणाऱ्याच्या घरांत किती जणांच्या ध्यानांत येतें? ज्याला हें ध्यानांत येतें पण चारचौघांत विचारण्याची छाती होत नाहीं, त्याचेंहि गणित व्यर्थच. हिशेब येणें आणि हिशेब विचारतां येणें, या दोन गोष्टी आहेत. आमच्या शाळा पहिली कशीबशी शिकवितात, दुसरी तर मोडूनच काढतात.

पहिलीची तरी काय अवस्था आहे? ‘असर’ या नांवानें प्रथम ही संस्था देशांतील खेड्यांपाड्यांत मुलांच्या वाचनाची व गणिताची पाहणी करविते. २०२४ च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील तिसरीच्या शंभर मुलांपैकीं सुमारें ३४ मुलांस हातच्याची वजाबाकी आली. पांचवीच्या शंभरांपैकीं सुमारें ३१ मुलांस तीन आंकडी संख्येस एक आंकडी संख्येनें भागतां आलें. म्हणजे पांच वर्षें शाळेचा उंबरा झिजवून शंभरांतलीं ६९ मुलें भागाकारावांचून पुढें गेलीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ‘निपुण भारत’ योजना काढून तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व आंकडेमोड यावी, असें ध्येय ठरविलें. ध्येय चांगलें आहे. पण फळ्यावर गणित लिहून ‘उतरून घ्या’ म्हणण्याची जुनी रीत तशीच राहिली, तर ध्येयाचा फलक भिंतीवरच राहील.

आमचे लोक यावर काय म्हणतात? ‘पोराच्या डोक्यांतच गणित नाहीं, तें मोठ्या घरच्यांचें काम.’ हें बोलणें पिढ्यान्‌पिढ्या आमच्या कानांत ओतलें गेलें आणि आतां तें आमच्याच तोंडून निघतें. तें साफ खोटें आहे, आणि त्याचा पुरावा आहे.

ब्राझील देशांत रेसिफे नांवाचें शहर आहे. तेथें रस्त्यावर नारळ वगैरे माल विकणाऱ्या पांच गरीब मुलांचा तिघां अभ्यासकांनीं बारकाईनें अभ्यास केला आणि तो १९८५ सालीं छापला. गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारला, तेव्हां त्या मुलांचीं शंभरांत ९८ उत्तरें बरोबर आलीं. पण त्याच मुलांना तसल्याच आंकड्यांची नुसती आंकडेमोड घातली, तेव्हां बरोबर उत्तरें शंभरांत ३७ वर उतरलीं. बारा वर्षांच्या एका मुलास ३५ क्रुझेरोस एक, अशा दहा नारळांची किंमत विचारली. दहानें गुणायचें तर पुढें शून्य द्यावें, ही शाळेची रीत त्यानें वापरलीच नाहीं. तीन नारळांचे १०५ हें त्याला धंद्यानें पाठ होतें. त्यांत आणखी तीन, आणखी तीन आणि वर एक, असें करीत तो ३५० वर पोंचला. ही अक्कल नव्हे, असें कोण म्हणेल?

आपल्या देशांतहि तेंच दिसलें. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेंहून अधिक मुलांची पाहणी २०२५ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध केली. बाजारांतलीं मुलें भाजीचा अवघड हिशेब तोंडीं चोख करीत, पण तसलेंच गणित पुस्तकी पद्धतीनें घातलें कीं अडत. उलट, केवळ शाळेंत जाणारीं मुलें कागदावरचीं गणितें बऱ्यापैकीं करीत, पण बाजारचा हिशेब आला कीं चांचपडत. एकाचें ज्ञान दुसऱ्या बाजूस उतरतच नव्हतें. या पाहणीवरून आम्ही आपल्यापुरता एक धडा घेतों. आमच्या खेड्यांतल्या एकाच वर्गांत हीं दोन्हीं प्रकारचीं मुलें बसलेलीं असतात. एकीला आईबरोबर आठवडेबाजारांत बसून तोंडीं हिशेब येतो. दुसऱ्याला वहींतली मांडणी येते. दोघांस पाठ करून बसविलें, तर दोघेहि अर्धवट राहतात. समोरासमोर बसविलें, तर दोघांचें मिळून एक पुरें गणित होतें. हीच आमच्या लेखाची गाभ्याची गोष्ट आहे.

येथें कोणी म्हणेल, ‘एकत्र शिकण्याची रीत आमच्याकडे जुनीच आहे. पंतोजीच्या शाळेंत सगळीं पोरें एका सुरांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणत होतीं कीं!’ होय, म्हणत होतीं, आणि त्या पाढ्यांचा उपयोग नव्हता असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पाढा हें हत्यार आहे, तें धारेचें असावें. पण एका सुरांत घोकणें म्हणजे एकत्र विचार करणें नव्हे. शंभर माणसें एकच आरती म्हणतात, म्हणून त्यांनीं मिळून कांहीं ठरविलें असें होत नाहीं. घोकण्यांत प्रश्न विचारायला जागाच नसते. ज्या व्यवस्थेला प्रश्न नको होता, तिला घोकंपट्टी मानवली, यांत नवल नाहीं.

मग मिळून गणित सोडविणें म्हणजे नेमकें काय? एक साधें उदाहरण घेऊं. गुरुजींनीं तिसरी-चौथीच्या वर्गांत गणित घातलें, ‘कांद्याच्या ७ गोण्या, दर गोणींत ४८ किलो, तर एकूण कांदा किती?’ चौघांची एक टोळी बसली आहे. एक मुलगा लिहितो, सात चोक अठ्ठावीस, सात आठे छपन्न, आणि दोन्हीं शेजारीं मांडून २८५६ करतो. एकटा असता, तर हेंच उत्तर वहींत गेलें असतें, त्यावर लाल फुली आली असती आणि गणित संपलें असतें. पण शेजारची मुलगी म्हणते, ‘अरे, गोणी पन्नासची धरली तरी सातांचे साडेतीनशें होतात. तुझे अठ्ठावीसशें कुठून आले?’ तिनें पन्नासानें ३५० केले व प्रत्येक गोणीमागें २ असे १४ वजा करून ३३६ काढले. तिसऱ्यानें दोन गोण्यांची जोडी ९६ धरली, तीन जोड्यांचे २८८ केले, वर एक गोणी ४८, मिळून ३३६. आतां पहिल्यालाच उमगतें कीं त्याचा चार हा चार नसून चाळीस होता. सात वेळां चाळीस २८०, त्यांत ५६ मिळविले तेव्हां तेहि ३३६. तीन वाटांनीं तिघे एकाच विहिरीवर आले. ज्याचें चुकलें, त्याची मान खालीं गेली नाहीं. त्याच्या चुकीमुळें सगळ्या टोळीला दशकाची किंमत कळली. लाल फुलीनें हें काम झालें असतें काय?

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. ‘आईबापांमागें राहिलेलें २ एकर १५ गुंठे रान तीन भाऊ व दोन बहिणी यांच्यांत सारखें वांटा.’ चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून सगळे ९५ गुंठे झाले. येथवर वाद नाहीं. मग एखादा मुलगा सहज तिहींनीं भागूं लागेल. ३१ येतील व दोन उरतील. टोळींतली मुलगी विचारील, ‘तीन कां? वारस तर पांच आहेत.’ तो म्हणेल, ‘बहिणी हक्कसोड करून देतात.’ ती म्हणेल, ‘गणितांत सारखें वांटा असें लिहिलें आहे.’ पांचांनीं भागलें कीं प्रत्येकास नेमके १९ गुंठे येतात, बाकी उरत नाहीं. वारसाच्या कायद्यानें १९५६ पासून मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतींत मुलाइतका वांटा दिला. वडिलार्जित मिळकतींत महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सगळ्या देशासाठीं केंद्रानें २००५ सालीं तिला मुलाबरोबरीचा हक्क दिला. पण कायद्याचा कागद तहसिलींत आणि वांटणी ओसरीवर, अशी आपल्याकडची तऱ्हा! ती ओसरीवरची वांटणी दहा वर्षांच्या मुलामुलींत एका पाटीवर तपासली गेली, तर त्या पाटीनें मोठ्यामोठ्या व्याख्यानांहून अधिक काम केलें, असें आम्ही म्हणूं. एकट्यानें सोडविलें असतें, तर त्या मुलाला ‘तीन कां?’ असें विचारायला कोण होतें?

ही कल्पना कोणा एकाच्या डोक्यांतून काल निघालेली नाहीं. जपानांतील प्राथमिक शाळांत गणिताच्या तासाला एकच चांगला प्रश्न देण्याची रीत आहे. मुलें आपापल्या परीनें तो सोडवितात. शिक्षक रांगांतून फिरून कोणीं कोणती वाट धरली तें पाहून ठेवतो. मग निरनिराळ्या रीती, चुकलेल्यासुद्धां, फळ्यावर येतात व सगळा वर्ग त्यांचा खल करतो. या खलास ते लोक ‘नेरिआगे’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशीं मळण्याचा अर्थ आहे. आमच्या आयाबहिणी कणीक तिंबतात, तशीच ही गणिताची कणीक सगळ्यांनीं मिळून तिंबायची. आपल्या देशाच्या २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यांतहि मुलांनीं गणिताविषयीं आपसांत बोलावें, चर्चा करावी व मिळून काम करावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. म्हणजे शास्त्राधार आहे, सरकारी आधारहि आहे. नाहीं तो वर्गांतला व्यवहार.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप शिक्षकांचा. ‘चौघांत एक हुशार मूल सगळें करतें, बाकीचे तिघे उतरून घेतात.’ हा आक्षेप खरा आहे. मुलांना नुसतें गोल बसविलें म्हणजे सहकार होत नाहीं, हें सहकारी सोसायट्या पाहिलेल्या आमच्या वाचकांस वेगळें सांगणें नलगे! अमेरिकेंतील रॉबर्ट स्लॅव्हिन यांनीं अशा पद्धतींचे अनेक प्रयोग तपासून असें दाखविलें कीं टोळीचें यश प्रत्येकाच्या शिकण्यावर टांगलेलें असेल, तरच फायदा होतो. म्हणून नियम असे असावे. गणित दिल्यावर पहिलीं दोन-तीन मिनिटें प्रत्येकानें एकट्यानें विचार करावा. ज्यानें विचारच केला नाहीं, तो बोलणार काय? मग चौघांस एकच कागद द्यावा. शेवटीं गुरुजींनीं टोळींतल्या कोणालाहि उठवून विचारावें. कोणास उठवितील तें आधीं ठाऊक नसावें, म्हणजे सर्वांत मागें असलेल्यास समजावणें ही चौघांची गरज होते. उत्तरावर न थांबतां ‘कसें केलेंस?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न विचारावे. टोळ्या महिन्यानें मोडून नव्या कराव्या. आणि लिहिण्याचें काम नेहमीं मुलीकडे व सांगण्याचें नेहमीं मुलाकडे, असें होऊं देऊं नये.

दुसरा आक्षेप सुस्थितींतल्या पालकांचा. ‘माझा मुलगा हुशार आहे. त्यानें दुसऱ्यांस शिकवीत वेळ कां दवडावा?’ यावर कॅलिफोर्नियांतील नोरीन वेब यांनीं पुष्कळ वर्षें अभ्यास केला आहे. टोळींत जें मूल दुसऱ्यास नीट फोड करून समजावतें, त्याचें स्वतःचें गणित अधिक पक्कें होतें, असें त्यांस आढळलें. आणि ज्याला समजावण्याऐवजीं नुसतें उत्तर सांगितलें जातें, त्याचा कांहींच लाभ होत नाहीं. तेव्हां हुशार मुलाचें नुकसान नाहीं, उलट कमाई आहे. सुतार आपल्या मुलाला रंधा धरायला शिकवितो, तेव्हां त्याचा स्वतःचा हात बिघडतो काय?

तिसरा आक्षेप परीक्षेचा. ‘परीक्षेंत तर एकट्यालाच बसायचें!’ बरोबर आहे. पण पोहायला शिकतांना पाठीला भोपळा बांधतात, तो पुढें एकट्यानें पोहतां यावें म्हणूनच. टोळीनें शिकावें आणि परीक्षा एकट्यानें द्यावी, यांत विरोध कोठें आला? नक्कल आणि सहकार यांतला फरक मात्र मुलांना शिकविला पाहिजे. नक्कल करणारा उत्तर घेतो. सहकारी रीत घेतो आणि ती उद्यां दुसऱ्या गणिताला लावतो.

चौथा आक्षेप गलबल्याचा. गलबला होईल, आम्ही नाकारीत नाहीं. पण बाजाराच्या दिवशीं गलबला असतो म्हणून बाजार बंद करीत नाहींत. सगळी शाळा चिडीचूप आणि पांचवींतल्या ६९ मुलांस भागाकार नाहीं, ही शांतता कोणाच्या कामाची?

आतां आमच्या खेड्यांतल्या शाळेची अडचण पाहूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले आहेत. म्हणजे चार इयत्तांच्या वाडीवरच्या शाळेंत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता येतात. त्यांत एक गुरुजी कागदपत्रांसाठीं तालुक्याला गेले, कीं चारी इयत्ता एकाच्या गळ्यांत! एका इयत्तेस शिकवीत असतां दुसरीनें काय करावें? बहुधा फळ्यावरचें उतरून काढावें. आमचें म्हणणें असें कीं मिळून गणित सोडविण्याची रीत याच शाळेला सर्वांत सोयीची आहे. तिसरीच्या टोळ्या गणिताचा खल करीत असतां गुरुजींना पहिली-दुसरीकडे पाहतां येतें. चौथीचें मूल तिसरीच्या टोळींत बसूं शकतें. येथें कोणी शिक्षकाची जागाच भरायला नको असा अर्थ काढील, तर आम्ही त्याचा आधींच निषेध करतों. टोळीला दिशा देणारा गुरुजी लागतोच. कोणतें गणित द्यावें, कोठें गप्प राहावें, कोणती चूक फळ्यावर आणावी, हें जाणणें फळ्यावर उत्तर लिहिण्याहून अवघड काम आहे. म्हणूनच शिक्षकांस शिकविण्याखेरीज दहा कामांस जुंपणें थांबलें पाहिजे.

शेवटीं एक गोष्ट, आणि ती आमच्या चळवळीच्या मुळाशीं आहे. टोळी म्हणजे एकत्र बसणें. या देशांत एकत्र बसणें ही कधींच साधी गोष्ट नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत असतां शिक्षकानें त्यांना उदाहरण सोडविण्यासाठीं फळ्यापाशीं बोलाविलें. तेव्हां वर्गांत एकच गडबड उडाली, कारण फळ्यामागें सवर्ण मुलांचे डबे ठेवलेले होते, आणि ते विटाळूं नयेत म्हणून तीं मुलें ते काढायला धांवलीं. ही हकीकत धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथांत आहे. गणित येणारा मुलगा फळ्याकडे निघाला आणि वर्गाला डब्याची चिंता पडली! त्या वर्गानें त्या दिवशीं काय गमावलें, याचा हिशेब कोण करील?

राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एका शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला. त्याच १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं व जेवूं लागलीं. एका छपराखालीं बसणें झालें, एका पंक्तीस जेवणें झालें. आतां एका पाटीवर विचार करणें राहिलें आहे. गांवकुसाबाहेरच्या वस्तींतली मुलगी पाटलाच्या नातवास ‘तुझें चुकलें, हें बघ असें,’ म्हणते आणि तो ‘हो, खरेंच’ म्हणून खोडून पुन्हां लिहितो, या एका क्षणांत समतेचा जो धडा आहे तो कोणत्याहि पुस्तकांत छापतां येणार नाहीं. कारण गणित जात पाहत नाहीं. ३३६ हे ३३६ च राहतात, कोणाच्याहि तोंडून निघोत. म्हणून टोळ्या करतांना एका आळीचीं, एका भावकीचीं मुलें एकत्र येऊं न देण्याची खबरदारी गुरुजींनीं घेतलीच पाहिजे. तेवढें झालें नाहीं, तर गांवांतलीच आळी वर्गांत येऊन बसेल.

आमच्या वाचकांनीं काय करावें? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिति आहे. तिच्यांत निदान पाऊण सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. हें बळ आमच्या हातांत आहे, पण आम्ही बैठकीला जातों ते सही करण्यापुरते. सुपें गांवचा अंगठा अजून गेला नाहीं! पुढच्या बैठकीस जा आणि नम्रपणें तीन गोष्टी विचारा. आमचीं मुलें आठवड्यांतून किती वेळां मिळून गणित सोडवितात? टोळ्या कशा पाडल्या आहेत, आणि त्यांत सर्व वस्त्यांचीं मुलें व मुली मिसळलीं आहेत काय? चुकलेलें उत्तर फळ्यावर येतें, कीं नुसती लाल फुली मिळते? गुरुजींना अडचण असेल तर ती ऐकून घ्या व दूर करायला मदत करा. तुमच्यांतला गवंडी शाळेंत जाऊन तीन, चार व पांच फुटांच्या दोरीनें काटकोन कसा धरतात तें मुलांना दाखवूं शकतो. त्या दोरीचीं टोंकें एकट्याला धरतां येत नाहींत, हेंहि मुलें तेथेंच शिकतील. माळीण आपल्या तागडीसह वर्गांत एक तास बसूं शकते. कोष्टी एका लुगड्याच्या ताण्याचा हिशेब मांडूं शकतो. हीं माणसें गणितांत अडाणी नाहींत. त्यांचें गणित शाळेच्या दारांतून आंत घेतलें गेलें नाहीं, एवढेंच.

आणि घरीं एक संवय बदला. मूल शाळेंतून आलें कीं ‘कितवा आलास?’ असें विचारूं नका. ‘आज तूं कोणाला समजावलेंस? तुला कोणीं समजावलें?’ असें विचारा. कांद्याची पट्टी, विजेचें बिल, बचतगटाची वही मुलांपुढें ठेवा. भावंडांना मिळून ती तपासूं द्या, आणि त्यांनीं चूक काढली तर रागावूं नका. आपल्या बापाचा आंकडा ज्या मुलानें न भितां तपासला, तें उद्यां कारखान्याच्या काट्यापुढें, कर्जगटाच्या कार्डापुढें आणि तलाठ्याच्या उताऱ्यापुढें चौघांस घेऊन उभें राहील आणि विचारील, ‘हें कशावरून?’ त्या दिवशीं कोणाला कागद जाळावे लागणार नाहींत.